लोखंडी रेनडियरवरचा मुसाफिर

(१९२८ साली एक तरुण वीजतंत्री कामचाटकाहून सायकल घेऊन निघाला आणि तीन वर्षांनी अवघ्या सोव्हिएत देशाच्या सीमेला प्रदक्षिणा घालून परतला. त्याची गोष्ट लोकांपर्यंत पोहोचायला मात्र आणखी जवळपास तीस वर्षे जावी लागली आणि ती कितपत खरी मानायची, हा वाद त्याच्या मृत्यूनंतरही संपलेला नाही.)

आपल्यापैकी बहुतेकजण सायकल शिकले ते भाड्याच्या सायकलवर. सीटवर बसलो तर पाय पोहोचत नाहीत म्हणून आधी कैची, मग दांडीवरून, मग एकदाचे सीटवर. दरम्यान दोन-चार वेळा गुडघे फुटलेले, एकदा चेनमध्ये पायजमा अडकलेला. पण ज्या दिवशी कोणी मागून न धरता सायकल सरळ पळू लागली, त्या दिवशी प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न डोकावून गेलेला असतो. असेच पायडल मारत राहिलो, तर कुठपर्यंत जाता येईल?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत शेजारच्या गावापर्यंत, फार तर एखाद्या डोंगरावरच्या देवळापर्यंत असते. तेवढ्यात सायकल परत करायची वेळ होते, शाळा सुरू होते, पुढे नोकरी लागते आणि प्रश्न तिथेच राहतो. क्वचित एखादा असा निघतो की, हा प्रश्न त्याला सोडतच नाही. रशियातल्या प्स्कोव्ह या शहरात असा एक मुलगा वाढला. त्याचे नाव ग्लेब लिओन्तिएविच त्राविन.

प्स्कोव्ह हे रशियाच्या वायव्य टोकाचे, एस्टोनियाच्या सीमेजवळचे फार जुने गाव. इतिहासग्रंथांत त्याचा पहिला उल्लेख इसवी सन ९०३ मधला सापडतो. वेलिकाया आणि प्स्कोवा या दोन नद्यांच्या संगमावर, उंच खडकावर दगडी तटबंदीचा किल्ला आहे. तिथले लोक त्याला क्रोम म्हणतात. किल्ल्यात ट्रिनिटी कॅथीड्रलचे उंच पांढरे शिखर आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या शत्रूला पहिला तडाखा याच गावाने द्यायचा आणि याच गावाने सोसायचा, असे शतकानुशतके चालले. सीमेवरच्या गावाला सीमा म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. तिथल्याच एका मुलाने पुढे देशाची सगळी सीमा चाकाखाली घालायचे मनावर घेतले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या शहराच्या संग्रहालयात एक जुनी सायकल जपून ठेवलेली आहे. सायकलींचे शौकीन तिच्यापुढे हमखास थबकतात. कारण तिचे हँडल सायकलच्या दुकानातले नाही. ते बंदुकीच्या नळीपासून बनवलेले आहे. मूळ हँडल आर्क्टिकच्या थंडीत मोडले, तेव्हा त्या ओसाड किनाऱ्यावर जे मिळाले त्यातून हे नवे हँडल उभे राहिले.

जंगलातली शाळा

ग्लेबचा जन्म १९०२ सालचा, प्स्कोव्हजवळच्या एका खेड्यातला. वडील जंगलखात्यात रखवालीच्या कामावर. १९१३ मध्ये कुटुंब शहरात राहायला आले. पण तोवर मुलाची खरी शाळा होऊन गेली होती. रानात रात्र कशी काढायची, कोरडी जागा कशी ओळखायची, खायला काही बरोबर नसेल तर रानातून ते कसे मिळवायचे, वेळ आली तर कच्चे मांसही कसे पोटात ढकलायचे, हे सारे वडिलांनी त्याला शिकवले. शहरात आल्यावर त्याने बरोबरीच्या मुलांना जमवून शिकारीचे आणि माग काढण्याचे एक मंडळच काढले. आजूबाजूची जंगले आणि तळी ही या मंडळाची मैदाने.

१९२३ साली अडोल्फ द ग्रोट नावाचा एक डच सायकलस्वार प्स्कोव्हला येऊन पोहोचला. त्याने जवळपास सारा युरोप सायकलवर पालथा घातला होता. गावकऱ्यांनी त्याला डोळे भरून पाहिले आणि आपापल्या कामाला गेले. एकवीस वर्षांच्या ग्लेबच्या मनात मात्र तो पाहुणा कायमचा राहिला. युरोपातले रस्ते चांगले, हवा सौम्य, दर दहा-वीस किलोमीटरवर गाव. असा प्रवास डच माणूस करू शकतो, तर याहून लांबचा आणि याहून अवघड प्रवास आपण का करू नये, या विचाराने त्याला घेरले.

त्याच १९२३ सालच्या ऑक्टोबरात आपल्या मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या सफरीला निघाले होते. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती सफर पूर्ण केली आणि सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून ते मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. त्यांच्या पुस्तकाला पंडित जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. प्स्कोव्हच्या तरुणाला त्यांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते आणि त्यांनाही याचे. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या दशकात सायकल ही जगभरच्या सामान्य घरातल्या तरुणांची पंखांची जोडी झाली होती. मोटार परवडत नव्हती, विमान तर स्वप्नातच. दोन चाके आणि दोन पाय एवढ्यावर जग पाहता येते, हे त्यांना उमगले होते.

रशियाला तर या वेडाची परंपराच होती. १९११ साली ओनिसिम पान्क्रातोव्ह हा रशियन सायकलस्वार हार्बिनहून निघून १९१३ मध्ये जगप्रदक्षिणा करून परतला होता. त्राविनने मात्र निराळे ठरवले. जगप्रदक्षिणेतले रस्ते दुसऱ्यांनी बांधलेले असतात. त्याला जायचे होते ते जिथे रस्ताच नाही तिथून.

साडेपाच वर्षांची तालीम

अशा वेडांच्या गोष्टी आपण ऐकतो तेव्हा आपल्याला निघण्याचा क्षण तेवढा दिसतो. त्यामागची वर्षे दिसत नाहीत. त्राविनने या प्रवासाची तयारी साडेपाच वर्षे केली. प्स्कोव्हच्या आसपासच्या खडबडीत वाटांवर, पावसात, चिखलात, बर्फात त्याने हजारो किलोमीटर सायकल मारली. १९२५ ते १९२७ ही दोन वर्षे लाल सैन्यात गेली. तीही त्याने वाया घालवली नाहीत. भूगोल, भूमापन, प्राणी आणि वनस्पतींची माहिती, छायाचित्रण, लोहारकाम आणि फिटरकाम असे जे जे वाटेत उपयोगी पडेल ते ते शिकून घेतले. रानातल्या माणसाला एका गोष्टीची पक्की जाणीव असते. संकट आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

लष्करातून सुटल्यावर तो घरी परतला नाही. देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागराच्या काठावरच्या कामचाटका द्वीपकल्पावर गेला. तिथे पहिले वीजकेंद्र उभे राहत होते. त्याच्या उभारणीत त्याने काम केले आणि मग तिथेच वीजतंत्री म्हणून नोकरी धरली. कामावरून सुटले की सायकल. ज्वालामुखींच्या त्या प्रदेशात ना धड रस्ते होते, ना हवेचा भरवसा. त्याच्या दृष्टीने सरावाला याहून चांगली जागा नव्हती.

सायकल अमेरिकन होती, प्रिन्स्टन नावाची. लाल रंगाची आणि वर पांढरे बाण काढलेली. सामान मोजके. जॅकेट, अर्धी चड्डी, बदलायचे कपडे, कॅमेरा, दुरुस्तीची हत्यारे. अडीअडचणीसाठी दाबून घट्ट केलेल्या बिस्किटांची सात पाकिटे आणि एक किलो चॉकलेट. डोक्याला टोपी नाही. प्रवास संपेपर्यंत केस कापायचे नाहीत असे ठरले होते आणि वाढलेले केस चामड्याच्या पट्ट्याने बांधलेले. दंडावर एक फीत, तिच्यावर सायकलप्रवासी ग्लेब त्राविन एवढी अक्षरे. बरोबर एक वहीही होती. ज्या गावी पोहोचायचे, तिथल्या कचेरीत जाऊन त्या वहीत तारीख आणि शिक्का घ्यायचा. पुढे ही वही किती मोलाची ठरणार होती, हे त्या वेळी त्यालाही कळले नसेल.

नियमही त्याने स्वतःच घालून घेतले होते. दिवसाचे आठ तास सायकल, आठ तास झोप, आठ तास अन्न मिळवणे आणि बाकीची कामे. खाणेपिणे दिवसातून दोनदाच, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. वाटेत कितीही तहान लागली तरी मधे पाणी नाही. ऊन, पाऊस, वादळ काहीही असो, प्रवासाचा दिवस चुकवायचा नाही. असे काटेकोर वेळापत्रक आपल्याला थोडे करडे वाटेल. पण एकट्याच्या प्रवासात बरोबर कोणी सोबती नसतो, दटावणारे नसते, धीर देणारे नसते. तिथे नियम हाच सोबती होतो.

सैतानाची गाडी

१० ऑक्टोबर १९२८ रोजी त्याने पेत्रोपाव्लोव्हस्क कामचाटस्की बंदर सोडले. व्लादिवोस्तोकपर्यंत जहाज आणि तिथून पुढे सायकल. अतिपूर्वेचा प्रदेश, मग सायबेरिया, तोही ऐन हिवाळ्यात. तिथून वळून तो दक्षिणेला, मध्य आशियात उतरला. बर्फातून निघालेला माणूस काही महिन्यांत वाळवंटाच्या भट्टीत येऊन पडला.

या टप्प्यातली एक गंमत तो पुढे आवर्जून सांगत असे. दुशान्बेला तो तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला आणि दंडावरच्या फितीवरचा मजकूर ताजिक भाषेत करून द्या म्हणाला. संपादक पेचात पडले. सायकलीच त्या भागात जवळपास नव्हत्या, मग सायकलला शब्द कुठून असणार? बऱ्याच विचाराअंती त्यांनी शब्द शोधला तो शैतान-अर्बा. म्हणजे सैतानाची गाडी. समरकंदला त्याने उझबेक भाषेत नवी फीत करून घेतली, तरी सैतानाची गाडी तशीच राहिली. तैमूरलंगाच्या राजधानीतल्या निळ्या घुमटांखालून, काफिल्यांच्या हजारो वर्षांच्या वाटेवरून, हा लांब केसांचा रशियन दंडावर सैतानाचे नाव मिरवत पुढे गेला.

अश्गाबादवरून काराकुमच्या वाळूतून तो कास्पियन समुद्राच्या काठावरच्या क्रास्नोवोद्स्कला पोहोचला. समुद्र जहाजाने ओलांडून बाकू. मग कॉकेशसचे डोंगर, क्राइमिया, युक्रेन, मध्य रशिया. आणि असे करत करत एक दिवस समोर ओळखीचा संगम दिसला, क्रोमची तटबंदी दिसली. तो स्वतःच्या गावी, प्स्कोव्हला आला होता.

कामचाटकापासून प्स्कोव्हपर्यंत म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तेही सरळ रेषेत नव्हे, तर दक्षिणेची सारी सीमा धरून. एवढ्यावर प्रवास थांबवला असता तरी त्याचे नाव झाले असते. डच पाहुण्याला त्याने केव्हाच मागे टाकले होते. घर समोर होते, माणसे आपली होती. मोहाची जागा असेल तर ती हीच. पण प्रदक्षिणा अर्धी सोडून कोणी देवळाबाहेर पडत नाही. तो लेनिनग्राडमार्गे उत्तरेला निघाला आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये मुर्मान्स्कला पोहोचला. इथवरचा प्रवास सुमारे ४५ हजार किलोमीटरचा, असा त्याचा हिशेब.

मुर्मान्स्कच्या पुढे काय होते? पुढे आर्क्टिक महासागर होता. नोव्हेंबर म्हणजे तिथे महिन्याभरात सूर्य उगवेनासा व्हायची वेळ. किनाऱ्यावर रस्ता नाही, दोन वस्त्यांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर. आणि या माणसाला सायकल घेऊन त्या किनाऱ्याने थेट बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत जायचे होते.

बर्फातली रात्र

गोठलेल्या समुद्रावर सायकल चालते का, असा प्रश्न कोणालाही पडेल. चालते, पण सर्वत्र नाही. जिथे वाऱ्याने बर्फ दाबून गुळगुळीत केले आहे, तिथे ती धावते. जिथे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून भिंती उभ्या राहिल्या आहेत, तिथे ती खांद्यावर घ्यावी लागते. जिथे भुसभुशीत बर्फ आहे, तिथे ती निव्वळ ओझे होते. म्हणून या भागात त्राविनने शिकारीच्या स्की वापरल्या, कुत्र्यांच्या घसरगाडीचाही आधार घेतला. सायकल मात्र सोडली नाही. खाणे म्हणजे जे सापडेल ते. बर्फाच्या भेगांतून मासे धरायला त्याने सायकलच्या तारेचाच गळ केला. मासे आणि मांस बहुधा कच्चेच. जळण नाही तिथे चूल कुठली? वडिलांनी दिलेले शिक्षण आता उपयोगी पडत होते.

१९३० च्या सुरुवातीला, नोवाया झेम्ल्याच्या बाजूच्या बर्फावर असताना ती रात्र आली. तो नेहमीसारखा बर्फात खळगा करून झोपला होता. रात्री जवळच बर्फाला तडा गेला. भेगेतून पाणी वर आले आणि झोपलेल्या माणसाभोवती पसरून गोठले. जाग आली तेव्हा त्याला हालताच येईना. कपडे, पादत्राणे, सारे बर्फात जखडलेले. कमरेचा सुरा कसाबसा हाती आला आणि त्याने स्वतःभोवतीचा बर्फ कणाकणाने फोडायला सुरुवात केली. तो सुटला तेव्हा कपडे फाटलेले होते आणि पाय बधिर झालेले.

पुढे केव्हातरी त्याला रेनडियरच्या खुणा दिसल्या आणि त्या धरून तो एका नेनेत्स कुटुंबाच्या कातडी तंबूपर्यंत पोहोचला. नेनेत्स हे उत्तरेतले रेनडियर पाळणारे लोक. बर्फातून एक दाढीकेसवाला माणूस येतो, त्याच्याबरोबर दोन चाकांचे लोखंडी काहीतरी असते, हे पाहून त्यांची काय अवस्था झाली असेल? तंबूत आल्यावर त्याने पाय उघडे केले. बोटे काळी पडली होती. डॉक्टर शेकडो किलोमीटर दूर. सडलेले तसेच ठेवले तर पाय जाणार आणि पायामागून जीवही. त्याने सुरा घेतला आणि स्वतःच्या पायाची बोटे स्वतःच कापली. तंबूतल्या बाईला हा सैतानच वाटला, असे तो सांगे. ताजिकिस्तानात गाडी सैतानाची होती, इथे माणूसच सैतान ठरला.

पण त्याच लोकांनी त्याला ठेवून घेतले, खाऊ घातले, पुढची वाट दाखवली. त्राविनच्या गोष्टीतला हा भाग अनेकदा घाईने सांगितला जातो. एकट्याचा प्रवास म्हटले की आपण त्या एकट्यालाच पाहतो. खरे तर त्या किनाऱ्यावर नेनेत्स, दोल्गान, चुकची माणसे पिढ्यान्पिढ्या राहत होती. जो प्रदेश बाहेरच्याला मरणाचा वाटतो, तिथे त्यांची मुले जन्मत होती, लग्ने होत होती. त्यांचे कपडे, त्यांचे अन्न, त्यांचे कुत्रे यांच्यावाचून हा प्रवास झालाच नसता. सायकलला लोखंडी रेनडियर हे नाव तिकडचेच. सैतानाच्या गाडीपेक्षा किती आपुलकीचे! रेनडियर म्हणजे त्यांची लक्ष्मी. परक्याच्या वाहनाला त्यांनी आपल्या गोठ्यातले नाव देऊन टाकले.

१९३० च्या उन्हाळ्यात कारा समुद्राच्या वाटेवर लेनिन नावाच्या बर्फफोड्या जहाजाशी त्याची गाठ पडली. बोटीवरच्या लोकांचा सायकल पाहून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढे तैमिरचा किनारा, मग याकुतियाच्या नद्यांची मुखे. हँडल मोडून बंदुकीच्या नळीचे झाले ते याच वाटेवर. एकदा भुकेपायी त्याने अस्वलीण मारली, तेव्हा तिचे पिल्लू उघडे पडले. ते त्याने बरोबर घेतले. पिल्लाने सोबत केली, त्याच्या अंगाशी झोपले, कच्चे मासे त्याच्याबरोबर वाटून खाल्ले. पेवेकला मुक्कामाच्या घरी खाण्यावरून ते चवताळले आणि यजमानाने त्याला मारून टाकले. पायाची बोटे कापतानाचे दुःख तो कोरडेपणाने सांगे, पण या पिल्लाच्या आठवणीने मात्र हळवा होई, असे त्याची हकीकत वाचताना जाणवते.

जुलै १९३१ मध्ये तो चुकोत्का द्वीपकल्पाच्या टोकाला, देझ्न्योव्ह भूशिराजवळच्या उएलेन वस्तीत पोहोचला. पुढे जमीन नव्हती. समुद्रापलीकडे अमेरिकेचा अलास्का. तिथून पुढे परदेशातून जगप्रदक्षिणा करायचे त्याच्या मनात होते, पण ते घडले नाही. प्रोविदेनियाच्या उपसागरातून देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाने तो निघाला आणि २४ ऑक्टोबर १९३१ रोजी पेत्रोपाव्लोव्हस्कला उतरला. तीन वर्षे आणि दोन आठवडे झाले होते.

पेन्सिल घेऊन बसणारे

आता खरे तर इथे हारतुरे, मिरवणूक, मानपत्र असे काही यायला हवे. तसे विशेष काही झाले नाही. देशात त्या वेळी नवे कारखाने, धरणे, सामुदायिक शेती यांची धामधूम होती. सामूहिक पराक्रमाचे दिवस होते. एकट्याने, कोणाच्या आज्ञेवाचून, कोणत्याही योजनेत न बसणारा पराक्रम करणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्नच होता. त्राविन कामाला लागला. सायकलस्वार, मोटरसायकलस्वार आणि इतर खेळाडू तयार करू लागला. दुसऱ्या महायुद्धात कामचाटकाच्या किनारी संरक्षण दलात त्याने रेजिमेंटचे नेतृत्व केले. युद्धानंतर तिथेच शिकवण्याचे काम केले. मुले वाढली, केस पिकले. ज्या माणसाने एकेकाळी सैतान म्हणून नाव कमावले होते, तो एक सभ्य, मितभाषी शिक्षक म्हणून ओळखला जाऊ लागला.

मग अलेक्सांद्र खारितानोव्हस्की या कामचाटकातल्या पत्रकाराने त्याची हकीकत शोधून काढली. लोखंडी रेनडियरवाल्या माणसाची गोष्ट या अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक १९६० च्या सुमारास निघाले आणि एका विसरलेल्या पराक्रमाची देशाला ओळख झाली. १९६२ मध्ये त्राविन साठीचा असताना प्स्कोव्हला परतला. पुस्तक वाचून तरुण त्याला पत्रे लिहू लागले, भेटायला येऊ लागले. १९७९ च्या ऑक्टोबरात, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो प्स्कोव्हलाच वारला.

प्रसिद्धीबरोबर शंकाही आल्या. पेन्सिल घेऊन बसणारी माणसे सगळीकडे असतात आणि ती असावीतच. आपणही बसून पाहू. एकूण प्रवास ८५ हजार किलोमीटरचा सांगितला जातो. पहिले ४५ हजार सुमारे तेरा महिन्यांत, म्हणजे दिवसाला एकशेदहा-पंधरा. कसलेल्या सायकलस्वाराला हे अवघड असले तरी अशक्य नाही. पण उरलेले ४० हजार आर्क्टिकच्या किनाऱ्यावर, वीस महिन्यांत. म्हणजे दिवसाला पासष्टच्या वर, आणि तेही पाय बरे होण्याचे, वादळात अडकण्याचे दिवस न वगळता. इथे पेन्सिल अडखळते. वळणे, वाट चुकणे, वस्तीच्या शोधात मागेपुढे जाणे हे सारे धरले, तरी आकडा फार मोठा वाटतो. काही अभ्यासकांनी तो उघडपणे नाकारला आहे. सायकल किती चालवली आणि किती वाहून नेली, कुठे कुत्री होती आणि कुठे बोट, यावर आजही मतभेद आहेत.

मग उरते काय? उरते ती वही. मूळ शिक्क्यांची, तारखांची. गावोगावच्या कारकुनांनी काहीशा कंटाळ्याने उमटवलेले ते शेकडो शिक्के आहेत. त्या कारकुनांना इतिहासाशी काही देणेघेणे नव्हते. समोर एक विचित्र माणूस उभा आहे, त्याला हवा आहे तो शिक्का देऊन वाटेला लावावा, एवढेच. म्हणूनच त्यांची साक्ष खरी वाटते. तो माणूस त्या त्या दिवशी त्या त्या ठिकाणी होता, एवढे ती वही सांगते. किती किलोमीटर, हे सांगत नाही.

मला वाटते, या गोष्टीचे मर्म इथेच आहे. आपण पराक्रम आकड्याने मोजतो आणि आकड्याला तडा गेला की माणसालाही खोटे ठरवून मोकळे होतो. ८५ हजारांच्या जागी ५० हजार लिहिले, तर त्या रात्रीचा बर्फ कमी थंड होतो का? बोटे कापणारा सुरा बोथट होतो का? आणि उलट बाजूने, गोष्ट मोठी आहे म्हणून प्रत्येक आकडा डोळे मिटून मान्य करण्याचेही कारण नाही. त्राविनला मोठे ठरवायला फुगवलेल्या अंतराची गरज नाही. कामचाटकाहून निघून, वाळवंटातून आणि बर्फातून, दोन चाके सोबत घेऊन तो परत कामचाटकाला आला, एवढे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट मनात राहते. या माणसाकडे ना संस्था होती, ना कोणी पुरस्कर्ता, ना वाटेत त्याची छायाचित्रे काढणारा ताफा. तो परतला तेव्हा त्याला कोणी फारसे विचारले नाही. जवळपास तीस वर्षे त्याने ते न विचारणे सहन केले. आर्क्टिकमधल्या थंडीपेक्षा ही थंडी सोसणे अवघड असते. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात असे कोणीतरी होऊन गेलेले असते, ज्याने आयुष्यात एकदा फार मोठे काहीतरी केले आणि नंतर त्याविषयी चकार शब्द काढला नाही. आपण विचारत नाही, ते सांगत नाहीत आणि गोष्ट त्यांच्याबरोबर जाते. त्राविनची गोष्ट एका पत्रकाराने विचारली म्हणून वाचली.

प्स्कोव्हच्या संग्रहालयात ती सायकल आजही उभी आहे. बाहेर दोन नद्यांचा संगम, हजार वर्षांची तटबंदी, तिच्यावर चढून पश्चिमेकडे पाहणारे पर्यटक. आत बंदुकीच्या नळीचे हँडल असलेला एक लोखंडी रेनडियर. ज्या प्रश्नाने आपल्यालाही लहानपणी पहिल्यांदा सीटवर बसल्या बसल्या चाटून जावे, त्याचे उत्तर एका माणसाने पुरते शोधले होते, याची ती खूण आहे. पायडल मारत राहिले तर कुठपर्यंत जाता येते? त्राविनच्या बाबतीत उत्तर सोपे निघाले. जिथून निघालो तिथपर्यंत.